ब्रूस डिकिन्सनची सोलो गाणी आणि त्याचे नाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, निपाणीकडच्या मंडळींकडून आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या या गायकाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. काही प्रश्न नुकतं ऐकायला लागलेल्यांचे असतात, तर काही नव्वदच्या दशकातल्या कॅसेट अजून जपून ठेवलेल्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही. तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रूस डिकिन्सन म्हणजे नक्की कोण? मला फक्त आयर्न मेडनचं नाव माहीत आहे.

त्याचा जन्म ७ ऑगस्ट १९५८ रोजी इंग्लंडमधल्या वर्कसॉप गावी झाला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात तो इतिहास शिकला, सॅमसन नावाच्या बँडमध्ये गायला आणि १९८१ मध्ये मेडनमध्ये आला. पुढच्याच वर्षीचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. गाण्याखेरीज तो प्रवासी विमानाचा कॅप्टन होता. तलवारबाजीत देशपातळीवर खेळला, कादंबऱ्या लिहिल्या, रेडिओवर कार्यक्रम केले. यातलं कुठलंच काम त्यानं वरवर केलं नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल बोलायला बसलं की आमची रात्र सरते.

२. हा गातो की ओरडतो? घरी आजोबांनी विचारलंय, उत्तर द्यायचं आहे.

गातो. ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्या गावातल्या आजोबांना हा प्रश्न पडणं रास्तच आहे. त्यांना वेगवान गाणं ऐकवू नका. 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ'मधलं शेवटचं 'आर्क ऑफ स्पेस' लावा. त्यात ड्रमचा मारा नाही, गिटारही शांत आहे. आवाज वर चढताना पातळ होत नाही, सूर लागल्यावर हलत नाही आणि श्वास कुठे घेतला ते कळत नाही. ज्यांनी आयुष्यभर देवल क्लबात बैठका ऐकल्या, त्यांना एवढं पुरेसं असतं. दाद मिळाली तर मग 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन'कडे जा.

३. मेडनसारखा बँड असताना सोलो कशाला? तो बँड सोडून गेला होता हे खरं आहे का?

खरं आहे. १९९३ मध्ये तो मेडनमधून बाहेर पडला आणि १९९९ मध्ये परत आला. मधल्या काळात तिथे ब्लेझ बेली गात होता. सोलोची सुरुवात मात्र त्याही आधी, १९९० मध्ये झाली होती. मेडनची गाणी मोठ्या प्रमाणात बँडचा बास गिटारवादक स्टीव्ह हॅरिस याच्या बासभोवती उभी राहतात. ब्रूसला आपलं काही वेगळं करून बघायचं होतं. चालत्या गाडीतून स्वतःहून उतरून नव्यानं छोट्या हॉलमध्ये गायला लागण्याची त्याची तयारी होती. आमच्या दृष्टीनं त्याच्या साऱ्या कारकिर्दीतली ही सगळ्यात धाडसाची गोष्ट आहे, विमान उडवण्यापेक्षाही.

४. सोलो अल्बम एकूण किती आणि कुठल्या क्रमानं?

स्टुडिओत केलेले सात. 'टॅटूड मिलियनेअर' (१९९०), 'बॉल्स टू पिकासो' (१९९४), 'स्कंकवर्क्स' (१९९६), 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' (१९९७), 'द केमिकल वेडिंग' (१९९८), 'टिरनी ऑफ सोल्स' (२००५) आणि 'द मँड्रेक प्रोजेक्ट' (२०२४). लाइव्ह रेकॉर्डिंग आणि २००१ चा निवडक गाण्यांचा संग्रह यात धरलेला नाही.

५. मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ'पासून. क्रमानं ऐकायचा हट्ट धरू नका. पहिला अल्बम साधासरळ रॉक अँड रोल आहे. चांगला आहे, पण त्यावरून पुढच्या उंचीचा अंदाज येत नाही. १९९७ च्या अल्बममध्ये दोन माणसं एकत्र आली. निर्माता व गिटारवादक रॉय झी, आणि ब्रूसचा मेडनमधला जुना सोबती, गिटारवादक एड्रियन स्मिथ. 'डार्कसाइड ऑफ ॲक्वेरियस' आणि 'मॅन ऑफ सॉरोज' ही दोन गाणी लागोपाठ ऐका. त्यानंतर 'केमिकल वेडिंग' (प्रश्न ६), मग मागे जाऊन 'बॉल्स टू पिकासो'.

६. 'द केमिकल वेडिंग'चं एवढं कौतुक का? त्यात विल्यम ब्लेक कुठून आला?

ब्लेक हा १७५७ ते १८२७ या काळातला इंग्रज कवी आणि चित्रकार. त्यानं स्वतःचीच एक पुराणकथा रचली, तिच्यात स्वतःचे देव घडवले, आणि त्या कविता स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापल्या. हयातीत त्याला फार थोड्यांनी ओळखलं. या माणसावर आणि किमयागिरीवर, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याच्या जुन्या विद्येवर, ब्रूसनं अख्खा अल्बम उभा केला. मुखपृष्ठावर ब्लेकचंच चित्र आहे, एका पिसवेच्या भुताचं. 'बुक ऑफ थेल' आणि 'गेट्स ऑफ युरायझन' ही गाण्यांची नावं सरळ ब्लेकच्या ग्रंथांतून आली. 'जेरुसलेम'मध्ये तर ब्लेकच्या ओळीच गायल्या आहेत. मधूनमधून ब्लेक वाचणारा जो आवाज येतो, तो आर्थर ब्राउन या जुन्या गायकाचा.

रॉय झीनं गिटारच्या तारा इतक्या उतरवून लावल्या आहेत की आवाज छातीत बसतो. तो जडपणा आणि वर तरंगणारा ब्रूसचा गळा यांतलं अंतर म्हणजेच हा अल्बम. पहिल्यांदा ऐकताना तो अंगावर येतो. आठवडाभर थांबून पुन्हा ऐका, शक्यतो हेडफोन लावून, अंधारात. 'द टॉवर'ची सुरावट तेव्हा उलगडते. आमच्यातल्या कित्येकांनी ब्लेक पहिल्यांदा वाचला तो या अल्बममुळे, आणि एका मित्रानं तर त्या कविता मराठीत आणायला घेतल्या. गाणं ऐकून माणूस पुस्तकाच्या दुकानात जातो, याहून मोठी पावती गायकाला काय मिळणार!

७. 'स्कंकवर्क्स' एवढा वेगळा का वाटतो?

कारण तो मेटल नाहीच. निर्माता सिॲटलचा जॅक एंडिनो, बँडमधली पोरं तरुण, आणि काळ १९९६ चा. नाव लॉकहीड या विमान कंपनीच्या गुप्त संशोधन विभागावरून घेतलं आहे. जुन्या चाहत्यांना तो तेव्हा रुचला नाही. आम्हाला तो आवडतो, खास करून 'बॅक फ्रॉम द एज' आणि 'स्पेस रेस'. पण त्यापासून सुरुवात करू नका.

८. युद्ध चालू असलेल्या शहरात जाऊन त्यानं कार्यक्रम केला, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. डिसेंबर १९९४, बोस्नियातलं सारायेव्हो. एप्रिल १९९२ पासून शहराला वेढा पडला होता. वीज, पाणी, अन्न यांची भ्रांत आणि भोवतालच्या डोंगरांवरून तोफा आणि बंदुकींचा मारा. ब्रूस आणि त्याच्या सोलो बँडला आत न्यायला संयुक्त राष्ट्रसंघाचं हेलिकॉप्टर मिळणार होतं, ते ऐनवेळी फिसकटलं. मग 'द सीरियस रोड ट्रिप' नावाच्या मदतसंस्थेच्या ट्रकमधून ते इगमान डोंगरावरच्या वाटेनं शहरात शिरले. कार्यक्रम झाला. वेढ्यात वाढलेली मुलं आली, नाचली, गायली आणि परत त्याच अंधारात घरी गेली.

यावर २०१६ मध्ये 'स्क्रीम फॉर मी सारायेव्हो' हा माहितीपट आला. त्यात ब्रूसपेक्षा त्या रात्री तिथे असलेले लोक जास्त बोलतात, आणि तेच त्याचं बळ आहे. २०१९ मध्ये सारायेव्होनं त्याला मानद नागरिकत्व दिलं. 'स्कंकवर्क्स'मधलं 'इनर्शिया' हे गाणं याच अनुभवातून आलं. या उत्तरानंतर प्रश्न ७ मधला अल्बम पुन्हा ऐका, तो निराळा वाटेल.

९. तो खरंच विमान चालवतो की ते फोटोपुरतं असतं?

खरंच. नव्वदच्या दशकात तो उडायला शिकला आणि परीक्षा देत देत व्यावसायिक वैमानिक झाला. ॲस्ट्रेयस या ब्रिटिश कंपनीत तो बोइंग ७५७ चा कॅप्टन होता. साध्या प्रवाशांना सुट्टीच्या ठिकाणी नेणं-आणणं हे त्याचं नोकरीतलं काम. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध पेटल्यावर तिथल्या ब्रिटिश नागरिकांना त्यानं विमानानं आणलं. २००८ मध्ये एक्सएल ही विमान कंपनी बुडाली आणि परदेशात प्रवासी अडकले, तेव्हाही तो त्यांना आणायला गेला. ॲस्ट्रेयस नोव्हेंबर २०११ मध्ये बंद पडली. त्यानंतर २०१२ मध्ये त्यानं वेल्समध्ये विमानांच्या देखभालीची कंपनी काढली.

याशिवाय पहिल्या महायुद्धातल्या फोकर तीन-पंखी विमानाची प्रतिकृती त्याच्याकडे होती. ती घेऊन तो हवाई प्रात्यक्षिकांत भाग घ्यायचा. जेट उडवणाऱ्या माणसाला कापड-लाकडाच्या विमानात बसावंसं वाटतं, इथे त्याचा खरा नाद दिसतो.

१०. मेडनचं स्वतःचं विमान होतं ना? ते भारतात आलं होतं का?

'एड फोर्स वन' हे त्याचं नाव. २००८ च्या दौऱ्यासाठी ॲस्ट्रेयसचंच ७५७ घेतलं, त्याला रंग दिला आणि बँड, कामगार, वाद्यं असं सगळं बिऱ्हाड एकाच विमानात भरलं. चालवायला ब्रूस. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाला, आणि तिथून विमान ऑस्ट्रेलियाला गेलं. 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट याच प्रवासाचा आहे. २०१६ च्या दौऱ्यात त्याहून मोठं बोइंग ७४७ होतं. ब्रूसनं त्याचंही वेगळं प्रशिक्षण घेतलं. सान्तियागो विमानतळावर ओढून नेताना ते ओढणाऱ्या गाडीवरच आदळलं आणि इंजिनांचं नुकसान झालं, पण दुरुस्त होऊन ते पुन्हा दौऱ्यात सामील झालं.

११. कोल्हापुरातून कोणी गेलं होतं का त्या कार्यक्रमांना? आठवणी सांगा.

गेले होते, आणि विचारलं की अजून डोळे चमकतात. १७ मार्च २००७ ला मेडन पहिल्यांदा भारतात आलं ते बंगळुरूला, पॅलेस ग्राउंडवर. आपल्याला मुंबईइतकंच बंगळुरू सोयीचं. रात्री हायवेला उभं राहायचं, बेळगाव-हुबळीमार्गे सकाळी पोचायचं. काळे टी-शर्ट घातलेली पोरं बसमध्ये एकमेकांना न बोलता ओळखत होती. ज्यांनी वर्षानुवर्षं पुण्याच्या होस्टेलवरून कॉपी करून आणलेल्या कॅसेटवर हा आवाज ऐकला, त्यांच्यासमोर तो माणूस स्टेजवर धावत होता. दिल्लीचा परिक्रमा बँड त्या दिवशी आधी वाजला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवातही वाजला. आपल्याकडच्या पोरांना तिथे उभं राहिलेलं बघून जे वाटलं, ते शब्दांत मांडणं कठीण आहे.

त्यानंतर २००८ ची मुंबई (प्रश्न १०) आणि २००९ ला पुन्हा बंगळुरू. तिन्हीकडे हजेरी लावलेली मंडळी आपल्याकडे आहेत. सोलो गाणी मात्र यातल्या एकाही कार्यक्रमात झाली नाहीत. मेडनच्या मंचावर मेडनचीच गाणी होतात.

१२. माझा मुलगा बारावीत आहे आणि दिवसभर हेच लावतो. शेजारी म्हणतात ही सैतानाची गाणी आहेत. काळजी करू का?

ताई, काळजी करू नका. 'द नंबर ऑफ द बीस्ट' या नावामुळे अमेरिकेतही तेव्हा असाच गदारोळ झाला होता. पण मेडनच्या गाण्यांत क्रिमियाचं युद्ध आहे, कोलरिजची दर्यावर्दी खलाशाची कविता आहे, अलेक्झांडरची मोहीम आहे. ब्रूसच्या सोलो गाण्यांत काय आहे ते प्रश्न ६ आणि ८ मध्ये वाचा. एकदा मुलाशेजारी बसा आणि 'हे गाणं कशावर आहे रे?' असं विचारा. तो अर्धा तास इतिहास सांगेल. बारावीच्या अभ्यासासाठी आवाज कमी करायला सांगणं, हे मात्र तुमच्या हातात.

१३. तलवारबाजीचं काय? आपल्या मर्दानी खेळाशी तिचा काही संबंध लागतो का?

हा प्रश्न कोल्हापूरकरांशिवाय कोणी विचारणार नाही, म्हणून जरा सविस्तर. ब्रूस शाळेत तलवारबाजी शिकला. त्याचा प्रकार फॉइल. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे मेडन जगभर फिरत असताना, तो ब्रिटनच्या क्रमवारीत सातव्या स्थानापर्यंत पोचला होता. तलवारबाजीचं साहित्य बनवणारी 'ड्युएलिस्ट' ही कंपनीही त्यानं काढली. एवढंच नाही, उजव्या हातानं शिकलेला हा खेळ त्यानं पुढे डाव्या हातानं पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतला, कारण तो मूळचा डावखुरा.

आता फरक. फॉइलचं वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी. वार फक्त टोकाचा, आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या धडावर लागला तरच धरतात. ज्यानं आधी हल्ला सुरू केला त्याचा हक्क पहिला. समोरच्यानं आधी तो वार अडवायचा, मग उलटवायचा. आपला दांडपट्टा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पातं लवचीक, मूठ कोपरापर्यंत झाकणारी, वार कापण्याचा आणि खेळाडू सतत गोल फिरता, कारण शत्रू चहूबाजूंनी आहे असं धरलेलं असतं. फॉइल एका सरळ पट्टीवर पुढे-मागे चालते. म्हणजे शस्त्राचं नातं लावायला जाऊ नका. नातं आहे ते पायांचं. कुठल्याही पेठेतल्या वस्तादाला विचारा, तो आधी पवित्रा बघतो, हात नंतर. ब्रूसला स्टेजवर बघताना त्याचे पाय बघा. तीच चपळाई, तेच वजन पुढच्या पावलावर. १९८४ चं मेडनचं 'फ्लॅश ऑफ द ब्लेड' त्यानंच लिहिलेलं आहे.

शाळकरी मुलांना हा खेळ शिकायचा असेल तर भवानी देवीचं नाव सांगा. टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज, प्रकार सेबर. सेबरमध्ये कापण्याचा वारही धरतात, त्यामुळे मर्दानी खेळ शिकलेल्यांना तो प्रकार लवकर आपलासा वाटेल.

१४. या सगळ्या नादांचा गाण्यांना उपयोग झाला का?

झाला, आणि आमचं म्हणणं तर असं आहे की ते वेगळे काढताच येत नाहीत. 'टिरनी ऑफ सोल्स'मधलं 'किल डेव्हिल हिल' राइट बंधूंवर आहे. मेडनच्या 'द बुक ऑफ सोल्स' (२०१५) मधलं शेवटचं गाणं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' अठरा मिनिटांचं आहे. लिहिलं ब्रूसनं, पियानोही त्यानंच वाजवला. विषय आर १०१ हे ब्रिटिश हवाई जहाज, म्हणजे विमान नव्हे, तर वायू भरून तरंगणारी एअरशिप. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते इंग्लंडहून निघालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात ब्रिटनचा हवाईमंत्रीही होता. ते निघालं होतं कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि तिथे या जहाजासाठी अवाढव्य हँगर बांधून तयार होतं. जे जहाज आपल्या बाजूला यायचं होतं आणि आलंच नाही, त्याचं हे गाणं आहे. वादळात सापडलेल्या यंत्राचं वर्णन इतकं नेमकं लिहायला कॉकपिटमध्ये बसलेला माणूसच लागतो.

१५. बिअरचं ऐकलं ते खरं का?

हो. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्स या जुन्या ब्रुअरीबरोबर २०१३ मध्ये मेडनची 'ट्रूपर' बिअर बाजारात आली. चव ठरवताना ब्रूस स्वतः तिथे बसला होता.

१६. त्याची पुस्तकं आणि 'केमिकल वेडिंग' सिनेमा, यात काय वाचावं-बघावं?

२०१७ चं आत्मचरित्र जरूर वाचा. १९९० आणि १९९२ च्या दोन विनोदी कादंबऱ्या चाहत्यांसाठीच आहेत. २००८ चा सिनेमा अलेस्टर क्राउली या गूढवाद्यावर आहे, ब्रूस त्याचा सहलेखक. नाव तेच असलं तरी प्रश्न ६ मधल्या अल्बमची ती गोष्ट नव्हे.

१७. कॅन्सरनंतर आवाज बदलला का?

२०१४ च्या अखेरीस त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ सापडली. रेडिएशन आणि केमो झाली, आणि मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी त्याला बरा झाल्याचं सांगितलं. 'द बुक ऑफ सोल्स' त्यापूर्वीच रेकॉर्ड झाला होता, म्हणजे प्रश्न १४ मधलं ते अठरा मिनिटांचं गाणं त्यानं गाठ असतानाच गायलं. नंतरचा आवाज किंचित जाड, थोडा गडद आहे. 'द मँड्रेक प्रोजेक्ट' ऐकताना तो गडदपणा गाण्यांना शोभतो असं आम्हाला मनापासून वाटतं.

१८. 'द मँड्रेक प्रोजेक्ट'बरोबर कॉमिक आहे म्हणे. ते वाचल्याशिवाय अल्बम कळेल का?

कळेल. अल्बम १ मार्च २०२४ ला आला, आधीच्या सोलोनंतर एकोणीस वर्षांनी. कॉमिकचे बारा भाग ठरवले गेले, कथा मृत्यूनंतर आत्मा धरून ठेवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची. पण गाणी त्या कथेला बांधलेली नाहीत. शेवटचं 'सोनाटा' जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. घाईत असाल तेव्हा ते लावू नका.

१९. 'ब्रिंग युवर डॉटर' सोलोचं की मेडनचं? ग्रुपवर यावरून भांडण झालं.

दोघांचं. ब्रूसनं ते १९८९ मध्ये एका भयपटासाठी सोलो गायलं, गिटारवर यानिक गर्स. स्टीव्ह हॅरिसला आवडलं, म्हणून मेडननं ते पुन्हा रेकॉर्ड केलं आणि जानेवारी १९९१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गर्सही तोवर मेडनमध्ये आला होता.

२०. मँड्रेकमधलं 'इटर्निटी हॅज फेल्ड' मेडनच्या गाण्यासारखं का वाटतं?

कारण मूळ गाणं तेच आहे. ब्रूसनं ते सोलो अल्बमसाठी लिहून ठेवलं होतं. हॅरिसनं ते मागून घेतलं आणि 'इफ इटर्निटी शुड फेल' या नावानं 'द बुक ऑफ सोल्स' त्याच गाण्यानं सुरू केला. पुढे सोलोची वेळ आली तेव्हा ब्रूसनं शब्द बदलून ते परत आपल्याकडे आणलं. प्रश्न १९ मधल्यासारखीच ही देवाणघेवाण आहे, फक्त या वेळी गाणं जाऊन माघारी आलं. आधी मेडनचं ऐका, मग हे.